परसातली भट्टी आणि मायची अट

भट्टी बांधायची ठरली तेव्हा वीट-माती आणायच्या आधी मी पत्रक लिहिलं. ही माझी सवय. जालन्यात सळया काढणारे कारखाने आहेत, त्यांच्या गेटवर आम्ही पाच-सहा जण पत्रकं वाटतो, आणि त्यातली बरीचशी मी लिहिते. वाक्य छोटं, मागणी सरळ, शेवटी जाब. 'कामगाराला चष्मा का नाही? उत्तर द्या.' घरच्या भट्टीसाठीही मी असंच अकरा कलमांचं पत्रक लिहिलं आणि बदनापूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराच्या मागच्या दाराला चिकटवलं. अंगात सुती कपडे. पायात चामडी बूट. डोळ्यांवर चष्मा. उजव्या हाताला वाळूची बादली. ओढणी, उपरणं, लोंबणारं काही चालणार नाही. वगैरे.

बाबांनी उभ्यानं सगळं वाचलं. "बराबर आहे," म्हणाले. "फक्त जाब कुणाला इचारायचा ते लिहायचं राह्यलं."

"तुम्हालाच."

"मंग ठीक."

मायनं वाचलं नाही. दार बंद असलं की कागद समोर यायचा, उघडलं की भिंतीकडं जायचा. ती दिवसभर दार उघडं ठेवायची.

आता भट्टी कशासाठी, ते सांगते. आम्ही लोहार. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला एका खेड्यात बाबांच्या वडलांची भट्टी होती. लग्नानंतर सहा वर्षं बाबांनीही तीच चालवली. मग ट्रॅक्टर वाढले, औतं कमी झाली, आणि ते जालन्याला कारखान्यात लागले. तिथं लालभडक सळई रोलमधून सुसाट बाहेर येते. समोर उभ्या माणसानं ती सांडशीनं पकडायची आणि वळवून पुढच्या रोलात घालायची. हे काम त्यांनी अर्धं आयुष्य केलं. दोन वर्षांपूर्वी एक सळई सांडशीतून सुटली आणि त्यांच्या डाव्या पोटरीला वेढा घालून गेली. ठेकेदारानं दवाखान्यात सांगितलं, घरी चुलीवर भाजलं. पोटरी, मागच्या बाजूनं, चुलीवर. लिहून घेणाऱ्यालाही काही वाटलं नाही. माझं पहिलं पत्रक त्या एका वाक्यावर निघालं.

जखम भरली. पाय थोडा ओढत चालतात, एवढंच. पण दोन वर्षं हा माणूस पुढच्या ओट्यावर बसून होता. गल्लीतल्या बायांचे विळे दगडावर घासून द्यायचा आणि उरलेल्या वेळात रस्त्याकडं बघायचा. माय शेतात खुरपायला जायची, मी पत्रकं घेऊन जायची, आणि संध्याकाळी आम्ही दोघी परत आलो तरी ते त्याच जागी असायचे.

फाल्गुनात त्याच ठेकेदाराचा फोन आला. बसून काम आहे म्हणाला, पोलाद वितळवायच्या भट्टीच्या तोंडाशी, भंगार आत ढकलायचं. पाडवा झाला की या. बाबा म्हणाले, "पाहतो." आमच्या घरात बाबांच्या 'पाहतो'चा अर्थ हो असाच होतो.

फोन ठेवल्याबरोबर माय म्हणाली, "त्या भट्टीपाशी जायचं असंल तर मला आधी सांगा. मी तीर्थपुरीला जाते माह्या भावाकडं. पुन्हा दवाखान्यात बसायला मला बोलावू नका."

"मंग काय करू? ओट्यावर मरू?"

"मरा म्हणलं का मी?"

मध्ये मी पडले. म्हटलं, भट्टी घरीच करू. परसात जागा आहे, ऐरण घरात आहे, हात तुमचे आहेत. खुरपी, विळे, वखराची पास, रोटाव्हेटरची पाती, लोकांना आजही लागतात. बाजारातलं पत्र्याचं खुरपं चार दिवसांत वाकतं, हे मायच सांगत असते. बाबांची मान पहिल्यांदा रस्त्याकडून घराकडं वळली.

माय म्हणाली, "घरात इस्तव? एकदा भाजलं ते कमी पडलं का?"

मी तिला अर्धा तास समजावलं. सुरक्षित म्हणजे काय, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली. पाडव्याच्या आधी भट्टी पेटवून दाखवायची. ती बघणार. तिला बराबर वाटली तर राहील. "न्हाई वाटली तर मी कुदळीनं मोडीन. मंग ह्यांनी ठेकेदाराकडं जावं न्हाई तर कुठं जावं."

हातात पंधरा दिवस होते.

सामानासाठी आम्ही स्टेशनाच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्या चाचांकडं गेलो. चाचा बाबांना ओळखत होते. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम त्यांनी स्वतः शोधून दिला. जाड ओतीव लोखंडाचं हे भांडं, त्यातच विस्तव राहणार. खालून हवा द्यायला पाईप हवा होता. चाचांनी एक चकचकीत पांढरा पाईप पुढं केला.

"हा नको," मी म्हटलं. "याच्यावर जस्ताचा थर आहे. तापला की त्याचा धूर निघतो. माणूस रात्रभर थंडीतापानं कुडकुडतो. काळा पाईप द्या."

"बेटी, तू हर चीज से डरती है क्या?"

"डरती न्हाई," बाबा म्हणाले. "छापती."

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. काळा पाईप दिला, पाती करायला ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानपट्टीचे चार तुकडे दिले, आणि एक छोटा विजेचा ब्लोअर दिला, ढाब्याच्या भट्टीला असतो तसा. बटण दाबलं की भरारा हवा. मला तो फार आवडला. भाता ओढायला माणूस लागतो. इथं एक बटण. मी तिथल्या तिथं म्हटलं की यानं एका माणसाची मेहनत वाचली.

जागेवरून पहिला वाद झाला. कुंपणापलीकडं शेजाऱ्यांची कडब्याची गंजी आहे. मी पावलं मोजून जागा ठरवली, चुन्यानं रेघ मारली. बाबा म्हणाले, पावलांनी काय होतं, वारं बघ. त्यांनी चुलीतली चिमूटभर राख आणली आणि हातातून सोडली. राख गंजीकडं गेली. मग ते तीन दिवस सकाळी, दुपारी, उन्हं उतरताना राख सोडत परसभर फिरले. शेवटी भट्टी कडुनिंबाच्या पलीकडं, न्हाणीच्या भिंतीच्या आडोशाला आली. वर उंच पत्रा, तीन बाजू मोकळ्या. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, म्हणून बंद खोलीत भट्टी नको, हे माझं चौथं कलम होतं, आणि त्यावर बाबा न भांडता हो म्हणाले.

दुसरा वाद सिमेंटचा. मला भट्टी पक्की हवी होती. ड्रमभोवती सिमेंटचा चौथरा, आतून सिमेंटचा लेप. बाबा नाहीच म्हणाले.

"सिमिटाच्या पोटात पाणी ऱ्हातं. तापलं की फुटतं. तुकडा बंदुकीवानी येतो."

"मग मातीत पाणी नसतं का?"

"मातीतलं पाणी आपण हळूहळू काढतो. सिमिट धरून ठेवतं."

मी मोबाईलवर शोधलं. म्हातारा बरोबर होता. दोन वर्षं मागणीपत्रात 'पक्के' या शब्दाखाली रेघ मारत आलेली मी, परसात पांढरी माती तुडवू लागले. तिच्यात वाळू, चाळलेली राख, गव्हाचं भुसकट. बाबांनी ड्रमला आतून दोन बोटं जाडीचा लेप दिला आणि तो पाच दिवस सावलीत वाळू दिला. मी रोज विचारायची, झालं का. ते नखानं टोकरून म्हणायचे, न्हाई. सहाव्या दिवशी काटक्यांचा बारीक जाळ केला, तोही अर्धाच तास. लेपाला केसाएवढ्या भेगा पडल्या, त्या पुन्हा बुजवल्या. माझ्या पत्रकात या कामाला एक ओळही नव्हती.

या सगळ्या काळात माय शेतातून यायची, हात-पाय धुवायची, भट्टीकडं एक नजर टाकून चुलीपाशी जायची. मी बाबांना म्हटलं, "तिनं ठरवूनच ठेवलंय. कुदळ कुठंय ते पण तिला माहीत आहे." बाबा म्हणाले, "कुदळ मी धुऊन ठेवली. मोडायचीच असंल तर साफ कुदळीनं मोडू दे."

पाडव्याच्या चार दिवस आधी, सकाळी, आम्ही भट्टी पेटवली. माय त्या दिवशी कामावर गेली नाही. मागच्या दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली. पाहण्यासाठीच बसली होती, ज्वारी निमित्ताला.

आधी दगडी कोळशाचा पिवळा दाट धूर आला. मग हवा वाढवली तशी आग स्वच्छ झाली, मधोमध पांढुरकी. बाबांनी कमानपट्टीचा तुकडा निखाऱ्यात सारला. लाल झाला, केशरी झाला. त्यांनी तो सांडशीनं उचलून ऐरणीवर ठेवला आणि पहिला घाव घातला. ही ऐरण गाव सोडताना त्यांनी सोबत आणलेली. कोपऱ्यात बसून दर दसऱ्याला झेंडूचा हार घेण्यापलीकडं तिला इतक्या वर्षांत काम नव्हतं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. बाबांचा दुखरा पाय मागं, चांगला पाय पुढं, आणि तोंडावर असं काही की मी तिकडं जास्त वेळ बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि चष्म्याच्या आत पाणी साचलं की दिसत नाही.

मग लाईट गेली.

बदनापुरात लाईट जाण्याला कुणी घटना म्हणत नाही. ब्लोअर घरघरत थांबला. बाबा म्हणाले, "यील. तवर चहा पिऊ." विस्तव विझू नये म्हणून मी वरून ताज्या कोळशाचा चांगला ढीग घातला. राख काढायला पाईपाच्या खालच्या टोकाला आम्ही एक झाकण बसवलं होतं. ते नीट घट्ट आहे का तेही तपासलं. ब्लोअरचं बटण बंद करायचं मात्र मला सुचलं नाही. बंदच तर होता तो. आम्ही मागच्या पायरीवर बसून चहा घेतला. पावणेअकराला पंखे फिरल्याचा आवाज आला. मी उठून भट्टीकडं निघाले आणि चार पावलांवर असताना पाईपातून धाडकन आवाज झाला.

खालचं झाकण सुटून न्हाणीच्या भिंतीवर आपटलं. ड्रममधून ठिणग्यांचा फवारा उडाला. माझ्या बाहीवर पाच-सहा पडल्या. सुती होती, बारीक भोकं पडून विझल्या. चष्मा कपाळावर होता. चहा पिताना वर सरकवला होता तो तसाच.

कुणाला काही झालं नाही. पण बाबा पायरीपाशी उभे होते ते तिथंच राहिले, आणि त्यांचा हात आपोआप डाव्या पोटरीवर गेला होता. मला तेव्हा वाटलं, संपलं. पाडवा झाला की हा माणूस ठेकेदाराकडं जाणार.

मायनं सूप खाली ठेवलं. माझ्या बाजूनं चालत गेली. कुदळीकडं नाही गेली. आधी ब्लोअरची पिन उपटली. मग खाली वाकून पाईपाचं उघडं तोंड पाहिलं आणि आमच्याकडं वळली.

"वारं थांबल्यावर तोंड बंद कुणी ठेवलं?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी बाबांकडं.

"इचारून राह्यले मी. वारं थांबलं की कोळशाचा धूर खाली पाईपात शिरतो. वरून ताजा कोळसा घातला की जास्तच शिरतो. मंग तुम्ही एकदम वारं सोडलं. भडकणार न्हाई तर काय होणार?"

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"सहा वर्षं ह्यांचा भाता कुणी ओढला? भाता थांबवला की मी तोंडापासून मागं सारायची, मोकळा ठेवायची. माह्या सासूनं पहिल्याच दिवशी सांगितल्तं. पहिली ओढ हळू द्यायची, अन् तोंड बाजूला करून द्यायची."

मी बाबांकडं वळले. "तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला कुठं माहीत होतं?" बाबा म्हणाले, अगदी खरं बोलताना माणूस बोलतो तसं. "भाता तिच्याकडं होता. मी लोखंडाकडं पाहायचो."

हे मला अजून हसू आणतं आणि रागही आणतं. आमच्या लोहारांत काम असंच वाटलेलं. घाव पुरुषाचा, वारं बाईचं. सहा वर्षं एका भट्टीवर दोघं काम करत होते आणि ती पलीकडं काय करते हे यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. त्यांना दोष देणार होते, तेवढ्यात मायनं माझ्याकडं मोर्चा वळवला.

"अन् तू. अकरा कलमं लिहिली. मोबाईल पाह्यला. भंगारवाल्याला इचारलं. मला एकदा तरी इचारलं का?"

"तुला माहीत होतं तर तू बोलली का नाहीस?"

"मला परीक्षक केलं तुम्ही. परीक्षा घेणारानं उत्तर सांगायचं असतंय का?"

गेटवर उभी राहून साहेबांना मी हेच विचारते, की नियम करताना काम करणाऱ्याला विचारलं का. दर वेळी तावातावानं विचारते.

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "मोडतीस का मंग?"

मायनं भट्टीभोवती एक फेरी मारली. लांबूनच मातीच्या लेपाची कड पाहिली. "लेप बरा झाला," म्हणाली. "हा बिजलीचा पंखा आधी काढा. लाईटीच्या भरवशावर वारं ठेवतंय का कुणी? वारं हातात पाहिजे."

त्याच दुपारी ती स्वतः आमच्यासोबत चाचांकडं आली. चाचांकडं हातानं फिरवायचा एक जुना पंखा होता, दांडा फिरवला की हवा देणारा. मायनं तो मांडीवर घेतला, कानाजवळ धरून फिरवला.

"खरखर करून राह्यला."

"भाभी, तेल डालो, घुंगरू जैसा बजेगा," चाचा म्हणाले.

"घुंगरू नको. गप्प पाहिजे. इस्तवाचा आवाज ऐकू येत न्हाई मंग."

चाचांनी गुपचूप बेअरिंग बदलून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी दारावरचं पत्रक काढलं आणि मायसमोर बसले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. वारं थांबवायचं तर आधी खालचं झाकण उघडायचं. पुन्हा सुरू करताना पहिले दोन फेरे सावकाश, तोंड बाजूला. पंखा फिरवणारानं लोखंडाकडं बघायचं नाही, विस्तवाकडं बघायचं. घाव घालणारा 'बस' म्हणेपर्यंत पंखा थांबवायचा नाही, आणि थांबवायचाच असेल तर आधी त्याला सांगायचं. तापल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तो तडकतो. विस्तव आपला आपण विझू द्यायचा. माझ्या अकरा कलमांतली तिनं दोन खोडली, नऊ ठेवली. बुटांवरून मात्र अडली.

"बूट घालून मी हसू करून घेऊ का लोकांत?"

"परसात कोण लोक येणार आहेत?"

"तू हायस ना."

शेवटी बाबांचे कारखान्यातले चामडी बूट तिनं चढवले, पुढं चिंध्या कोंबून. अंगावर जुनं सुती लुगडं, पदर घट्ट खोचलेला, डोळ्यांवर माझा चष्मा. बाबा तिच्याकडं बघून म्हणाले, "आता खरी मिलीतली बाई दिसती." ती म्हणाली, "पगार काढा मंग." आणि स्वतःच इतकी हसली की हातातला पंख्याचा दांडा सुटला, पण हसता हसताही तिनं आधी झाकणाची कडी ओढली. मी ते पाहिलं. कागदावर ते मी नुकतंच उतरवलं होतं, तिच्या हातात ते आधीपासूनच होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दोघांनी पहिलं खुरपं केलं. मी बादल्यांपाशी उभी होते आणि मला काही काम नव्हतं. इतका वेळ गप्प मी क्वचितच उभी राहिले असेन. माय पंखा फिरवत होती, मध्येच म्हणायची, "झालं, काढा." बाबा काढायचे. रंग बघायला ते वाकायचेसुद्धा नाहीत. ती म्हणाली म्हणजे झालं. पातं ठोकून ठोकून पातळ झालं, वळवलं, पुन्हा तापवलं, आणि बाबांनी पाणी दिलं. चर्रर्र झालं आणि वाफ पत्र्याला लागली. मग पातं परत थोडं शेकलं, नाहीतर कडक होऊन तुटतं. बाभळीची मूठ बसवल्यावर मायनं ते हातात तोललं आणि न्हाणीमागच्या हरळीत घातलं. ओढलं. हरळी मुळासकट आली.

"कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"मूठ जाड झाली."

"पातं?"

"पात्याचं मी काही म्हणलं का?"

तिनं ते खुरपं परत दिलं नाही. मूठ रंधून घेतली फक्त.

पाडव्याला गुढी उभारून झाली, तेव्हा ठेकेदाराचा फोन आला. फोन बाबांच्या हातात होता. मी जवळ गेले. मला त्या माणसाशी बोलायचं होतं. दोन वर्षं साठवलेलं सगळं मला पाठ होतं, चुलीवर भाजलेल्या पोटरीपासून सुरू होणारं. मायनं माझं मनगट धरलं. "त्यांचा फोन हाय. त्यांना बोलू दे."

बाबा म्हणाले, "न्हाई येत." मग थोडं ऐकून घेतलं. "न्हाई, पाय बरा हाय. काम लागलं मला." पुन्हा ऐकलं. "घरीच. बायकोच्या हाताखाली." पलीकडून हसल्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. बाबाही हसले, पण त्यांनी शब्द मागं घेतला नाही. फोन ठेवला आणि पुरणपोळी मागितली.

माझं त्या ठेकेदाराशी बोलणं अजून बाकी आहे. ते मी गेटवर बोलेन, सगळ्यांदेखत. पण त्या दिवशी पोळी खाताना मला त्याची घाई वाटली नाही, हे कबूल करते.

पाडव्यानंतर आठ दिवसांत मायच्या बरोबर खुरपणाऱ्या बायांत तिचं खुरपं फिरून आलं. एक दिवस उन्हं उतरताना त्यातल्या तिघीजणी तीन वाकडी खुरपी घेऊन मागच्या दारी आल्या. बाबा ओट्यावर नव्हते, परसात हातोड्याचा दांडा बसवत होते. बायांनी त्यांना न विचारता मायला विचारलं, "आज होतील का गं?"

मायनं भट्टीला हात न लावता वरून तळवा धरून पाहिला. "आज न्हाई. विझून राह्यली ती. जल्दी करून पुन्हा वारं द्यायचं न्हाई, आपली आपण विझू द्यायची. उद्या सकाळी या," ती म्हणाली, आणि खुरपी घेऊन ऐरणीशेजारी ओळीनं ठेवली.